अष्टमीहून दुबईला: बोलण्याची किल्ली कुणाकडे?

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी लागते. नगरपरिषदेच्या नावातही ही दोन गावं जोडीनेच येतात. अष्टमीत, आणि तिथून पुढे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या पट्ट्यात, घरचा कर्ता माणूस किंवा मुलगा आखातात नोकरीला असलेली घरं जागोजागी आहेत. कोकणी मुसलमानांची जास्त, पण इतरांचीही आहेत. अशा घरातला फोन पाहिला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. मेसेज, फोटो, व्हॉइस मेसेज यांसाठी व्हॉट्सॲप, आणि दुबईला प्रत्यक्ष बोलायचं तर बोटिम. एकाच माणसाशी बोलायला दोन-दोन ॲप कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "दुबईला व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाय. मेसेज जातो."

उत्तर बरोबर आहे. पण असं का, हे बहुतेक घरांत कुणी शोधायला जात नाही. कॉल लागण्याशी मतलब, म्हणून ज्या ॲपवर लागतो ते घ्यायचं. माझं म्हणणं असं की हा 'का' प्रत्येक आखाती घराने समजून घ्यायला हवा, कारण त्याच्या पोटात आपल्या सगळ्यांच्या खासगी बोलण्याचा प्रश्न दडलेला आहे.

व्हॉट्सॲपने कॉलची सोय 2015 मध्ये आणली, आणि संयुक्त अरब अमिरातींत ती तेव्हापासूनच अडवलेली आहे. स्काइपही 2018 उजाडता उजाडता तिथे बंद पडलं. इंटरनेटवरून कॉल पुरवायचा तर तिथल्या दूरसंचार नियामकाची परवानगी आणि एतिसलात किंवा डू या दोन कंपन्यांशी जोडणी लागते. परवानगी मिळालेल्या मोजक्या ॲपमध्ये बोटिम आहे. करोनाच्या काळात, मार्च 2020 मध्ये, शाळा आणि कचेऱ्यांसाठी झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशा काहींना तात्पुरती वाट मोकळी झाली. शेजारच्या सौदी अरेबियाने 2017 मध्येच आपली बंदी सैल केली होती. परदेशी कॉलवर एतिसलात आणि डू यांची मोठी कमाई होते, तेव्हा बंदीमागचं पैशाचं कारण उघड आहे. दुसरं कारण नियंत्रणाचं आहे, आणि ते कुठवर जाऊ शकतं याची झलक 2019 मध्ये दिसली.

त्या वर्षी टोटॉक नावाचं ॲप आलं. फुकट, आवाज स्वच्छ, व्हिडिओही चालतो, आणि मुख्य म्हणजे अमिरातींत अडत नाही. परदेशी कामगारांमध्ये ते वाऱ्यासारखं पसरलं. डिसेंबर 2019 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की हे ॲप अमिरातींच्या सरकारचं हेरगिरीचं साधन आहे. लोकांची बोलणी, ओळखी, भेटीगाठी, फोटो यांवर त्यातून नजर ठेवली जाते. ॲपल आणि गूगल या दोघांनीही ते आपल्या दुकानातून काढलं. ॲपच्या मालकांनी आरोप फेटाळला. गूगलने जानेवारीत ते परत घेतलं आणि फेब्रुवारीत पुन्हा काढलं. त्या काळात ज्यांनी आपल्या माणसाशी बोलण्यासाठी ते उतरवून घेतलं, त्यांनी काहीच चूक केली नव्हती. त्यांना फक्त घरच्यांचा आवाज ऐकायचा होता. जिथे बाकीची ॲप अडतात तिथे हेच का अडत नाही, हा प्रश्न विचारायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

हा प्रश्न विचारायचा तर आधी कुलूप कसं असतं ते पाहायला हवं.

साध्या फोनपासून सुरुवात करू. एसटीडी येण्याआधी ट्रंक कॉल लावताना एक्स्चेंजमधला ऑपरेटर दोन गावं जोडून द्यायचा आणि मनात आणलं तर सगळं ऐकू शकायचा. लोक त्या हिशेबानेच बोलत. आज ऑपरेटर दिसत नाही, पण मोबाइलवरचा साधा कॉल मूलतः तसाच आहे. हँडसेटपासून टॉवरपर्यंत आवाज कुलूपबंद असतो. टॉवरनंतर कंपनीच्या यंत्रणेत तो मोकळा होतो. एसएमएसचंही तेच. म्हणून सरकारला फोन ऐकायचा असेल तर कंपनीला आदेश देऊन भागतं. त्याचा कायदा 1885 सालचा, तार अधिनियमाचं कलम 5(2); आता त्याची जागा 2023 च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली आहे. मात्र या अधिकाराला मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये 'पीयूसीएल' खटल्यात सांगितलं की आदेश गृहसचिवाच्या पातळीवर लेखी निघाला पाहिजे, त्याला मुदत असली पाहिजे आणि त्याची फेरतपासणी झाली पाहिजे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी विनीत कुमार विरुद्ध सीबीआय या खटल्यात फोन ऐकण्याचे केंद्राचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षिततेला धोका किंवा सार्वजनिक आणीबाणी यांपैकी काहीही तिथे नव्हतं. फोन ऐकण्याच्या अधिकाराला लगाम घालणारा इतका स्पष्ट निकाल मुंबईत झाला, याचं मला अप्रूप वाटतं.

आता कुलूप. मराठीत गुप्त लेखनाची परंपरा फार जुनी आहे, आणि तिचं सर्वांत ठळक उदाहरण महानुभाव पंथाचं. पंथाचे ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी ते सांकेतिक लिप्यांमध्ये उतरून ठेवले. सकळ लिपी ही त्यातली प्रमुख. सुंदरी आणि आणखी कितीतरी. सकळ लिपीत अक्षराच्या जागी दुसरीच ठरलेली खूण येते. कोणत्या अक्षराला कोणती खूण, हा तक्ता म्हणजे किल्ली. ती पंथातल्या जाणत्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, आणि म्हणून 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा कित्येक शतकं बाकीच्या महाराष्ट्राला वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या खटपटीतून ही किल्ली अभ्यासकांना मिळाली. त्यानंतर एकेक पोथी उघडत गेली.

या पद्धतीत दोन दुबळ्या जागा आहेत. अक्षरागणिक खूण ठरलेली असली की भाषेची ठेवण लपत नाही. मराठीत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. मजकूर पुरेसा मोठा असेल तर खुणांची मोजदाद करून तक्ता नव्याने बांधता येतो. ही युक्ती नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली होती. दुसरी अडचण अधिक मूलभूत. किल्ली समोरच्याला द्यायची कशी? पंथात ती गुरूकडून शिष्याला समोरासमोर मिळे. अष्टमीतल्या आईने दुबईतल्या मुलाला ती कशी पोचवायची? ज्या तारेवर बोलणं पाठवायचं त्याच तारेवरून किल्ली पाठवली, तर मधे बसलेल्याला दोन्ही मिळतात. हजारो वर्षं सगळी राज्यं, सगळी सैन्यं या पेचात अडकलेली होती.

तो पेच 1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी उघडपणे सोडवून दाखवला. ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या गणितज्ञांनी थोडं आधीच तिथवर मजल मारली होती, पण ते 1997 पर्यंत गुलदस्त्यात राहिलं. युक्ती इतकी सुंदर आहे की कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावी.

आई आणि मुलगा सगळ्यांच्या देखत दोन आकडे ठरवतात, 7 आणि 23. आता आई मनात एक आकडा धरते, 3. तो ती कुणालाच सांगत नाही, मुलालाही नाही. ती 7 चा 3 रा घात करते, म्हणजे 343, आणि त्याला 23 ने भागते. बाकी उरते 21. ही बाकी ती मुलाला उघड पाठवते. मुलाने मनात धरला आहे 4. तो 7 चा 4 था घात करतो, 2401. 23 ने भागून बाकी 9. ती तो आईला उघड पाठवतो. आता आई आलेल्या 9 चा आपल्या मनातल्या आकड्याने, म्हणजे 3 ने, घात करते: 729. त्याला 23 ने भागलं की बाकी 16. मुलगा आलेल्या 21 चा 4 था घात करतो: 1,94,481. त्याला 23 ने भागलं की बाकी 16.

दोघांकडे 16 आला. हीच त्यांची किल्ली. ती तारेवरून गेलीच नाही. मधे बसलेल्याने 7, 23, 21 आणि 9 हे चारही आकडे ऐकले, पण 3 आणि 4 त्याला माहीत नाहीत. इतक्या लहान आकड्यांत तो एकेक करून शोधून काढेल. खऱ्या व्यवहारात मात्र घातांच्या जागी एका विशिष्ट वक्रावरच्या बिंदूंचं गणित असतं आणि 23 च्या जागी 2 चा 255 वा घात वजा 19, ही 77 आकडी अविभाज्य संख्या. तिथे मनातला आकडा शोधत बसायला आजच्या सगळ्या संगणकांना मिळूनही आयुष्य पुरणार नाही.

व्हॉट्सॲप आज जे करतं ते याच पायावर उभं आहे. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी घडवलेला सिग्नल प्रोटोकॉल व्हॉट्सॲपने स्वीकारला आणि 5 एप्रिल 2016 रोजी जाहीर केलं की मेसेज, फोटो, कॉल, ग्रुप, सगळं काही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड झालं आहे. म्हणजे कुलूप अष्टमीच्या फोनमध्ये लागतं आणि दुबईच्या फोनमध्येच उघडतं. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नाही. मुलगा साइटवर आहे, फोन बंद आहे, तरी मेसेज कुलूपबंद कसा होतो? त्याच्या फोनने आपले उघड आकडे आधीच सर्व्हरवर ठेवलेले असतात. आईचा फोन त्यातला एक संच उचलून किल्ली बनवतो. शिवाय ही किल्ली एकदाची नसते. मेसेजागणिक ती बदलत जाते, आणि जुनी पुसली जाते. त्यामुळे आज एखादी किल्ली चोराच्या हाती लागली, तरी काल वाटेत पकडून ठेवलेला मजकूर तिने उघडत नाही. हा सगळा आराखडा उघड प्रसिद्ध आहे, कुणीही तपासावा. 1883 मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने सांगून ठेवलं होतं की कुलपाची रचना शत्रूला ठाऊक झाली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कोणी 'आमची पद्धत गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे' असं सांगू लागला, तर तिथून उठावं.

एक फट मात्र राहते. आईच्या फोनला सर्व्हरने मुलाचे म्हणून जे आकडे दिले, ते मुलाचेच कशावरून? मधे कुणी बसून आईशी मुलाच्या नावाने आणि मुलाशी आईच्या नावाने वेगवेगळी किल्ली बनवली तर? यासाठी व्हॉट्सॲपमध्ये समोरच्याच्या नावावर दाबून 'एन्क्रिप्शन' उघडलं की एक क्यूआर कोड आणि 60 अंक दिसतात. दोन्ही फोनवर ते सारखे असले तर मधे कुणी नाही. टेलिग्रामच्या कॉलमध्ये हेच काम चार चित्रं करतात. मुलाने नवा फोन घेतला की 'सुरक्षा कोड बदलला' अशी एक ओळ चॅटमध्ये येते, ती सेटिंगमध्ये सुरू केलेली असेल तर. ती ओळ आली की त्याला विचारावं, नवा फोन घेतलास का? 'हो' म्हणाला तर ठीक. 'नाही' म्हणाला तर त्या चॅटवर पुढे काही लिहू नये.

मग बोलण्याची चोरी होते कुठे? माझ्या मते वाटेत जवळजवळ कधीच नाही. ती होते दोन्ही टोकांना.

2020 मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या मुंबईतल्या तपासात 2017 मधल्या व्हॉट्सॲप गप्पा वाहिन्यांवर झळकल्या, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न होता: व्हॉट्सॲपचं कुलूप फुटलं का? कुलूप शाबूत होतं. मेसेज दोन फोनांत उघडा पडून असतो, फोन तपासयंत्रणेच्या ताब्यात गेला की तो वाचता येतो. आणि गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर रोज रात्री जाणारा बॅकअप त्या वेळी व्हॉट्सॲपच्या कुलपाबाहेर होता. बॅकअपलाही कुलूप घालायची सोय ऑक्टोबर 2021 मध्ये आली, पण ती आपणहून सुरू करावी लागते. सेटिंग, चॅट, चॅट बॅकअप या वाटेने गेलं की सापडते. पासवर्ड किंवा 64 अंक-अक्षरांची किल्ली द्यावी लागते आणि ती विसरलात तर व्हॉट्सॲपलाही तुमचा बॅकअप उघडून देता येत नाही. हेच तिच्या खरेपणाचं लक्षण आहे.

त्याहून साधी आणि घराघरांत होणारी चोरी 'लिंक्ड डिव्हाइस'ची. तुमचा फोन दोन मिनिटं कुणाच्या हातात राहिला, त्याने आपल्या लॅपटॉपवरचा कोड त्यात स्कॅन केला, की पुढचं सगळं बोलणं त्याच्याकडेही जातं. व्हॉट्सॲपच्या लेखी तोही तुमचाच एक पडदा असतो, कुलपाने त्याला रीतसर आत घेतलेलं असतं. नवरा-बायकोच्या, भावकीच्या, दुकानातल्या भागीदारांच्या भांडणांत ही युक्ती वापरली जाते. महिन्यातून एकदा ती यादी उघडून पाहायला काहीच कष्ट नाहीत. अनोळखी नाव दिसलं की तिथेच लॉग आउट.

फोनच पोखरला तर कुलपाचा काहीच उपयोग होत नाही, हे 2019 मध्ये जगाने पाहिलं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका दोषातून फोनमध्ये शिरत होतं; आलेला कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे 1400 जण लक्ष्य झाले आणि व्हॉट्सॲपने ज्यांना तसं कळवलं त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणात काम करणारे नागपूरचे वकीलही होते. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर 2019 मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला आणि डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं. असलं महागडं हत्यार तुमच्या-माझ्यावर सहसा कुणी चालवणार नाही, पण वकील आणि पत्रकार यांच्यावर चाललं की त्यांच्याकडे येणाऱ्या अशिलांचं आणि साध्या माणसांचं बोलणंही उघडं पडतं.

आणि कुलूप जिथे लागतच नाही असा एक भाग आहे: कोण, कुणाशी, कधी, किती वेळ बोललं. आशय झाकलेला, पण ही नोंद उघडी. रात्री दोन वाजता रोह्याच्या एका नंबरवरून मुंबईच्या कर्करोग रुग्णालयाला कॉल, लगेच दुबईला, मग बँकेला. आशय ऐकायची गरज उरते का? व्हॉट्सॲपकडे अशी बरीच नोंद असते आणि ते मेटाच्या मालकीचं आहे. 2021 च्या धोरणात वापरकर्त्यांना मेटाच्या इतर कंपन्यांशी माहिती वाटून घेण्याची अट मान्य करायला भाग पाडलं म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 18 नोव्हेंबर 2024 रोजी मेटाला 213 कोटी 14 लाखांचा दंड केला. सिग्नल या ॲपने याबाबतीत वेगळा रस्ता धरला. 2016 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशाने त्यांच्याकडे खात्यांची माहिती मागितली गेली, तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी साठवलंच नव्हतं.

आवाजाची एक खास गंमत आहे आणि ती तज्ज्ञांनाही चकवून गेली. 2007-08 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की कॉल पूर्ण कुलूपबंद असला तरी त्यातून भाषा आणि कधीकधी अख्खी वाक्यंही ओळखता येतात. कारण त्या काळच्या ॲपमध्ये बोलण्यातल्या ध्वनीप्रमाणे तारेवरून जाणारे डेटाचे तुकडे लहान-मोठे होत. स्वराला मोठा, 'स'सारख्या ऊष्माला लहान. आत काय आहे ते दिसत नाही, पण लांबीचा चढउतार दिसतो, आणि त्या चढउतारात बोलण्याचा ठसा उतरतो. सगळे तुकडे एकाच लांबीचे ठेवणं हा त्यावरचा उपाय. तो करायचा तर डेटा थोडा जास्त खर्ची पडतो. शिवाय थेट कॉलमध्ये दोन फोन एकमेकांना आपला आयपी पत्ता दाखवतात, त्यावरून ढोबळ ठिकाण कळू शकतं. व्हॉट्सॲपने 2023 मध्ये तो लपवण्याची सोय दिली. अनोळखी लोकांचे कॉल घ्यावे लागणाऱ्यांनी ती जरूर सुरू ठेवावी.

बाकी ॲपचं थोडक्यात सांगतो. टेलिग्रामच्या नेहमीच्या गप्पा आणि त्याचे सगळे ग्रुप एंड-टू-एंड नसतात. गप्पांपैकी फक्त 'सीक्रेट चॅट' तसे असतात, आणि हे टेलिग्राम वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. झोहोच्या अरत्ताईचा 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बोलबाला झाला, तेव्हा त्याचे कॉल कुलूपबंद होते, लिहिलेल्या गप्पा नव्हत्या. स्वदेशीचा अभिमान मलाही आहे, पण किल्ली कुणाकडे हा प्रश्न स्वदेशी ॲपलाही विचारायचाच. पेणच्या गणपती कारखान्यांत मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी, मूर्तीची उंची, रंग, डोळ्यांच्या आखणीचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. तिथे साधं बिझनेस ॲप असेल तर कुलूप कारखानदाराच्या फोनपर्यंत आहे. मोठ्या कंपन्यांचं तसं नसतं. त्यांचे मेसेज अनेकदा दुसरी एखादी संस्था त्यांच्या वतीने हाताळते, आणि चॅटच्या वर तशी सूचना येते. ती वाचावी.

आता या विषयाची सर्वांत दुखरी बाजू. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्याआधी मोबाइलवर फिरत होत्या. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. सरकारचं म्हणणं त्याहून पुढचं होतं: अफवा मुळात कुणी सोडली ते आम्हाला सांगा. 25 फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत नियम 4(2) आला. न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने विचारलं तर मोठ्या मेसेजिंग सेवेने पहिला पाठवणारा ओळखून दिला पाहिजे. व्हॉट्सॲप मे 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की कुलूप तोडायला लावलं तर व्हॉट्सॲपला भारतातून जावं लागेल.

राईनपाड्याच्या त्या पाच जणांच्या घरच्यांकडे पाहून कुणालाही वाटेल की सरकार म्हणतं ते करून टाकावं. मलाही वाटतं. पण यंत्रणेच्या अंगाने विचार केला की मन मागे हटतं. पहिला पाठवणारा शोधायचा तर कोणता मेसेज उद्या अफवा ठरेल हे आज माहीत नसतं, म्हणून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक मेसेजाची खूण साठवून ठेवावी लागते. पाच खुनांच्या तपासासाठी कोट्यवधी निरपराधांच्या बोलण्याची कायमची नोंद. शिवाय पहिला पाठवणारा निघेल तो कदाचित दुसरीकडून व्हिडिओ उतरवून घेतलेला साधा भाबडा माणूस. राईनपाड्यात मारेकरी उघडपणे मारत होते, आणि त्यांना शोधायला साक्षीदार आणि व्हिडिओ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवताना सांगितलं की त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कायदेशीर हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. सगळ्यांची किल्ली मागणं प्रमाणात बसत नाही. फॉरवर्डवरची मर्यादा बसते.

दुबईच्या त्या कॉलचं काय करावं? बंदी चुकवायला व्हीपीएन लावा, असा सल्ला मी देणार नाही. व्हीपीएनआड गुन्हा केला तर तिथल्या कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आणि तुरुंगवास आहे, आणि तिथे नोकरी करणाऱ्याला त्याची परीक्षा पाहणं परवडत नाही. परवाना असलेल्या ॲपवर बोलावं, पण तिथे साध्या फोनवर बोलतो तेवढंच बोलावं: खुशाली, मुलांची शाळा, पाऊसपाणी. पगाराचा आकडा, पासपोर्टचा फोटो, आधार, बँकेचा तपशील, आजारपणाचे कागद, मालकाशी झालेला वाद, हे व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये किंवा व्हॉइस मेसेजमध्ये पाठवावं. व्हॉइस मेसेजही तिथे चालतात आणि कुलूपबंद असतात. खुशालीचं बोलणं एका वाटेने आणि नाजूक बोलणं दुसऱ्या वाटेने, एवढी विभागणी आखाती घरांनी आजपासून करावी.

काही काळजी मात्र सगळ्यांनीच घ्यावी. एसएमएसने आलेला व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड कुणी मागितला, मग तो भाचा असल्याचं सांगो की ग्रुपचा ॲडमिन, तर देऊ नये. तो तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर उघडण्याचा कोड असतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन आजच घालावा. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात कुणी 'डिजिटल अटक' केल्याचं सांगितलं तर फोन ठेवावा आणि 1930 वर कळवावं. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही.

आणि मुलगा सुट्टीवर घरी येईल तेव्हा एक काम आठवणीने करा. त्याचा आणि आईचा फोन शेजारी ठेवा, दोन्हींत एन्क्रिप्शनचं पान उघडा आणि एकावरून दुसऱ्याचा क्यूआर कोड स्कॅन करा. हिरवी खूण आली की झालं. फोन बदलला की पुढच्या सुट्टीत पुन्हा करा.